साडेआठ ते एक

तिसरं नेटवर्क कार्डही चांगलं होतं.

भाग्यश्रीने पुन्हा तीच आज्ञा टाइप केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. कार्ड यंत्राला दिसत होतं. ड्रायव्हर चढलेला होता. राउटरकडे पाठवलेला पिंग जात होता, परत येत होता. मागचा हिरवा दिवाही लुकलुकत होता.

पाळणाघराच्या कॅमेऱ्यासाठी हा लिनक्सचा जुना कॉम्प्युटर तिनेच आणून बसवला होता. ऑफिसने भंगारात काढलेला. महिनाभर मुलं अॅपवरून सगळ्या आयांच्या मोबाईलवर छान दिसली. मग गेले तीन आठवडे ऑफिसातून जेव्हा बघावं तेव्हा चित्र बंद. तिने वायर बदलली. राउटर बदलला. दोनदा कार्ड बदललं. आज माणच्या ऑफिसला उशिरा येते असं कळवून ती सकाळीच चिखलीच्या पाळणाघरात येऊन बसली होती.

कारण काल संध्याकाळी चिमीच्या दंडावर निळा वळ दिसला होता. तिची लेक, दीड वर्षाची. तिला विचारून ती काय सांगणार?

भाग्यश्रीने सिस्टीमची नोंद उघडली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. लिंक डाऊन, म्हणजे जोडणी तुटली: सकाळी साडेआठ. लिंक अप, दुपारी एक. पुन्हा डाऊन, दीड. अप, पाच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे. गुरुवारी मात्र एकदाही नाही.

बिघडलेलं कार्ड घड्याळ बघून बिघडत नाही. बाकी नोंदीत एकही तक्रार नव्हती. कुणी वायर उपटली की कार्ड जेवढं बोलतं, तेवढंच ते बोलत होतं.

एक ते दीड मुलं जेवून ओळीने झोपलेली असतात. बहुतेक आया आसपासच्या वर्कशॉपांत कामाला; गुरुवारी त्यांना सुट्टी, त्यामुळे पाळणाघरात चारच मुलं. म्हणजे सगळं शांत असतं तेव्हा दाखवायचं आणि बाकीचं झाकायचं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी रडत होतं. चिमी नव्हती. तरी ती कान देऊन ऐकत राहिली.

साडेआठला केसरबाई आत आली. पाळणाघर तिचंच. काखेत एक शेंबडं पोर होतं.

"झालं का दुरुस्त, इंजिनेर बाई?" असं म्हणत ती तिच्यासमोरच वाकली आणि कॉम्प्युटरमागची वायर उपटली. हिरवा दिवा विझला. पडद्यावर नवी ओळ आली. लिंक डाऊन.

भाग्यश्री ताडकन उठली.

"मावशी, लेकरांना मारता तुम्ही?"

"काय म्हनलीस?"

"चिमीच्या दंडावर वळ आहे. आणि वायर तुम्ही काढता. रोज. वेळेसकट लिहिलेलं आहे इथे."

"आगं, चावा हाय तो. वर्षालीच्या पोरानं चावलं. कालच सांगणार व्हते, पण तू कधी गाडी बंद करून दोन मिनिटं थांबतीस का?"

"मग वायर कशाला काढता? तीन आठवडे मी कार्डं बदलतेय!"

केसरबाईने दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"वर्षालीला तीन आठवड्यांत बघितलंस का कुठं?"

नव्हतं बघितलं. तिच्या पोराला हल्ली बाप आणून सोडायचा. भाग्यश्रीच्या ते आत्ता लक्षात आलं.

"वर्कशॉपात पत्रा दाबायच्या प्रेसवर तिची तीन बोटं गेली. मालक म्हनला, दवाखान्याचं मी बघतो, पण घरात पडले असं सांगायचं. ती तेच सांगती. मला तेवढं खरं बोलली."

"अरे देवा! पण त्याचा कॅमेऱ्याशी काय संबंध?"

"साडेआठला बाया मशीनवर बसतात. एकला जेवायची सुट्टी. तेवढ्यात बघू दे की पोटभर, मी कशाला आडवी येऊ? पाचला सुटतात. गुरुवारी तर कुणी कामावर नसतंच."

"मग सांगायचं ना सगळ्यांना, कामावर असताना बघू नका म्हणून."

"सांगून कोण ऐकतंय? तू ऐकशील?"

भाग्यश्रीची नजर टेबलावरच्या स्वतःच्या मोबाईलकडे गेली. केसरबाईने ती बरोबर टिपली.

"आणि वर्षाली तरी कुठं बघत व्हती? शहाणी पोर हाय ती. मोबाईल कमरेला खोचलेला, नजर कामावर. हितं एक पोर रडलं. तिचं न्हाई, दुसरंच. घटकाभरात गप बी झालं. पर तिकडं तिच्या कमरेला मोबाईल थरथरला. तिला वाटलं, आपलंच. दचकली आन् पायाखालची कळ दाबली गेली. हात अजून साच्यातच व्हता." केसरबाईने काखेतल्या पोराचं नाक पदराने पुसलं. "मी म्हनते, त्या मेल्याला कळतं तरी कसं, पोर रडलेलं?"

भाग्यश्रीने वायरकडे बघितलं. ती उचलली नाही.

मूल रडलं की मोबाईल थरथरावा, अशी सोय त्या अॅपमध्ये मुळात नव्हतीच. चिमीच्या काळजीने ती भाग्यश्रीने स्वतः लिहून घातली होती, आणि आपल्या एकटीलाच कशाला म्हणून सगळ्या आयांच्या मोबाईलमध्ये चालू करून दिली होती.