मिठीचं माप

अक्सा खाकी कागदावर उताणी झोपली आणि तिने दोन्ही हात होतील तेवढे पसरले. "लवकर काढा मॅडम, गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

तेजस्वी मॅडम जाड स्केचपेन घेऊन तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. दुसरीच्या वर्गात फरशीभर कागद पसरले होते. शाळा भरल्यावर त्यांनी चित्रांचं एक पुस्तक वाचून दाखवलं होतं. त्यातल्या हत्तिणीला डोंगरापलीकडे ओंडके ओढायला नेतात. तिचं पिल्लू केळीच्या पानावर सोंड ठेवतं, भोवती रेघ मारून घेतं आणि ते पान आईला धाडतं. आता मुलांनी आपापली मिठी कागदावर काढायची, कापायची, रंगवायची आणि लांबच्या माणसाला पाठवायची होती. आरोहीची मिठी किहीमच्या आजीला जाणार होती. ऋत्विकची मुंबईला, बाबांना. बाबा दर शनिवारी घरी येतात, तरी त्याला ती पोस्टानेच पाठवायची होती.

अक्साची मिठी कुवेतला जाणार होती, अब्बांना.

तिचे अब्बा चार दिवसांपूर्वी तिकडे बांधकामावरून पडून वारले. हे आगरदांडा गावात सगळ्यांना माहीत होतं. अक्साला तेवढं माहीत नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. मय्यत विमानाने येईपर्यंत पोरीच्या कानावर काही जायला नको, म्हणून तिला रोज शाळेत पाठवत होते. आज सकाळी तिची फुफी, म्हणजे आत्या, सफुरा फाटकापाशी मॅडमचा हात धरून म्हणाली होती, "तुमी कायपन बोलू नका हां. पोर न्हानी हाय." मॅडमनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं? वर्गात येऊन त्यांनी ते पुस्तक न वाचताच कपाटात ठेवायला घेतलं, तर मुलांनी असा गलका केला की त्यांचं काही चाललं नाही.

"हात हलवू नकोस," मॅडम म्हणाल्या.

पेन मनगटावरून अंगठ्याकडे गेलं, एकेका बोटाच्या बेचक्यातून फिरलं, पुन्हा काखेपर्यंत आलं. मॅडम फार सावकाश रेघ मारत होत्या. ही रेघ संपली की ही पोरगी उठून विचारणार, कधी पोचेल, अब्बा काय म्हणतील. आणि आपण हसऱ्या तोंडाने खोटं बोलणार. त्यांना सफुराचा राग आला, मग स्वतःचा आला.

अक्साने तसं काही विचारलं नाही. बोथट कात्रीने तिने कागद कापला, फ्रॉक हिरवा केला, तोंडाला हसू काढलं. मग ती कागदाची मुलगी घेऊन वर्गाच्या कोपऱ्यात गेली. तिथे खिचडीच्या तांदळाची पत्र्याची लांबट पेटी होती. अक्साने आपला कागद पेटीच्या झाकणावर पसरला आणि त्याचे हात दोन्ही बाजूंनी खाली ओढून पाहिले. ते पेटीच्या अर्ध्या उंचीपर्यंतच आले.

"मॅडम, अक्सा तांदळाला मिठी मारते," ऋत्विक ओरडला. मुलं खिदळली.

अक्साने तिकडे लक्ष दिलं नाही. ती कागद घेऊन मॅडमकडे आली. "हात पुरत न्हाईत. जोडून द्या."

"पुरतील गं. अब्बा काय एवढे जाडे आहेत?" मॅडम म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडाची शरम वाटली.

"अब्बा न्हाय जाडे," अक्सा म्हणाली. "पेटी मोठी हाय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"लाकडाची हाय. खलील चाचा फोनवर बोलत होते, ती उघडायची न्हाय. वरूनच बघायचं." ती आता इतकं हळू बोलत होती की बाकी मुलांना ऐकू जात नव्हतं. "मी मोरीत होते. त्यांना वाटलं, भायेर खेळते."

मॅडमनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. अक्सा एक पाऊल मागे सरली. कागद चुरगळला असता.

"अम्मीला सांगू नका हां मॅडम," ती म्हणाली. "तिला वाटतं मला म्हाईत न्हाय. ती लय रडंल."

मॅडमनी मान डोलावली. मग त्यांनी खाकी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि डिंकाची बाटली उघडली.

"केवढे लांब हवेत?" त्यांनी विचारलं.

अक्सा परत कोपऱ्यात गेली. तांदळाच्या पेटीवर पालथी पडून तिने थंड पत्र्याला गाल टेकला, दोन्ही हात खाली सोडले आणि बोटं ताणली.

"हितपासून पुढं," ती म्हणाली. "खालपर्यंत."