पायाशी

"'वूलन' म्हणजे लोकरीत पुरलेला," दफनाच्या नोंदीवर बोट ठेवून डोरीन म्हणाली. "त्या काळी कायदाच होता, मेल्यावरही अंगावर लोकरच हवी. शिकवलेलं लक्षात आहे माझ्या, मास्तर."

मेटकाफ मास्तर मान न उचलता हसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते आणि डोरीन दर गुरुवारी चर्चमागच्या खोलीत बसत. दफनाची जुनी पुस्तकं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जायची होती, त्याआधी त्यांची नक्कल करायची होती. हाताला येईल ते पुस्तक घ्यायचं. डोरीन वाचायची, मास्तर लिहायचे आणि अडलेला शब्द सोडवायचे. मेलेल्यांच्या भानगडींत डोरीनला भारी गोडी. आमच्या गावात जिवंतांच्या भानगडी आता फारशा उरलेल्या नाहीत.

खिडकीतून कबरी दिसत. तिचा नवरा विल्फ आपल्या आईच्या कबरीशी वाकला होता. डोरीनला न्यायला आला की तो आधी तिथे फुलं ठेवी, तीही डोक्याकडच्या दगडाशी नाही, पायाशी.

"चाळीस वर्षं झाली, अजून म्हातारीच्या तोंडासमोर जायची छाती होत नाही याची," डोरीन म्हणाली. ती स्वतः त्या कबरीकडे कधी फिरकली नव्हती. सासू लग्नाला आली नव्हती, आणि डोरीनला दिवस गेल्यावर 'ते आमचं रक्त नव्हे' असं तिने दुकानात चारचौघांसमोर सांगितलं होतं. असलं विसरायचं तर माणसाने संतच असावं लागतं.

तिने दुसरं, अलीकडचं पुस्तक उघडलं. १९३७पासूनचं. दगडखाणीतल्या एका गड्याच्या नावाखाली बारीक अक्षरात दोन शब्द होते. ते काही केल्या तिला लागेनात. मास्तरांनी भिंग धरलं.

"'कुम पार्वुलो'. लॅटिन आहे, 'लहानग्यासह'. आपल्या जुन्या पाद्रीबाबांना हौस होती लॅटिनची."

"म्हणजे याचंच मूल?"

मास्तर म्हणाले, कोणाचंही. मूल मेलेलं जन्मलं तर त्याला बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही, प्रार्थना नाही, जागाही नाही. मग बाप ते खोक्यातून घेऊन यायचा आणि त्या आठवड्यात जो कोणी पुरला जाणार असेल त्याच्या पेटीत पायाशी ठेवायचे. पाद्रीबाबा तेवढी खूण करून ठेवत. आईला सांगायचं नाही, अशी रीत होती. तिने लवकर विसरावं म्हणून.

डोरीनने चहाचा पेला खाली ठेवला. मग ती पानं उलटायला लागली, दहा-दहा एकदम. मधली राहिली, असं मास्तर म्हणाले. तिने ऐकलं नाही. १९६१च्या फेब्रुवारीवर तिचं बोट थांबलं.

त्या फेब्रुवारीत ती इस्पितळात होती. बाळ रडलंच नाही. नर्सने ते कापडात गुंडाळून नेलं, तिला दाखवलंसुद्धा नाही, आणि पुढचं सगळं इस्पितळ बघेल असं सांगितलं. सासू त्याच आठवड्यात वारली. तिच्या दफनाला जावं लागलं नाही याचं डोरीनला तेव्हा बरंच वाटलं होतं.

"वाचा," मास्तर म्हणाले.

"ईडिथ अल्डरसन. वय एकाहत्तर." खालचे दोन शब्द तिने वाचले नाहीत. मास्तरांनी वाकून ते पाहिले आणि पेनाला टोपण लावलं.

विल्फ दार ढकलून आत आला. हाताला माती होती. निघायचं का, म्हणाला. मग त्याला उघडं पुस्तक दिसलं, त्यावरचं तिचं बोट दिसलं, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मुलगा होता की मुलगी?" डोरीनने विचारलं.

"मुलगी."

तिला रडू आलं नाही. आला तो संताप, आणि कोणावर काढावा ते कळेना. विल्फ फुलं ठेवून येईपर्यंत चाळीस वर्षं ती फाटकाशी गाडीत बसून राहिली होती, त्या कबरीकडे पाठ करून.

"आणि तिच्यापाशी ठेवलीस, विल्फ? तिच्यापाशी?"

विल्फ हातातल्या टोपीकडे बघत राहिला.

"त्या आठवड्यात गावात दुसरं कोणी मेलं नव्हतं गं."