बॉनेटवरचा तांब्या

"डोळे रस्त्यावर. तोंड चालू," तात्याबा म्हणाले.

बबितानं स्टेअरिंग घट्ट धरलं. "म्होरं उसाची ट्रॉली. मागं लाल फडकं न्हाई."

"मग?"

"वेग कमी. अंतर ठिवायचं."

"पुढं बोल."

समोर बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. निघताना तात्याबांच्या बायकोनं, छबुबाईंनी, तो तिथं ठेवला होता. थेंब सांडता कामा नये, हा या जीपचा नियम. पाणी आरशासारखं होतं. त्यात आभाळ, आभाळात एक घार. एवढ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पाण्याला साधी सुरकुतीही नव्हती.

तात्याबा डोळे मिटून शेजारी बसले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. चढ आला की त्यांच्या छातीतली घरघर वाढायची, उतारावर मंद व्हायची. तलवाड्यापासून गेवराईपर्यंतचा रस्ता त्यांना हाताच्या रेषांसारखा पाठ.

"खड्डा," ते डोळे न उघडता म्हणायचे. बबिताचे हात आपोआप वळायचे.

लायसन्स तिला कधीच मिळालं होतं. तिला हवी होती ती तात्याबांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली चावी. वस्तीवरच्या पोरांना तलवाड्याच्या शाळेत नेणाऱ्या गाडीची. आधीचा ड्रायव्हर फोनवर बोलता बोलता गाडी नाल्यात घालून बसला. पोरं वाचली. तेव्हा आईबापांनी ठरवलं, तात्याबा ज्याच्या हातात चावी देतील तोच आता गाडी चालवेल. त्या पोरांत बबिताची लेक आरोही होती.

पप्पूनंही प्रयत्न केला होता. त्यानं याच रस्त्यावर म्हैस उडवली आणि हसत हसत खाली उतरला. त्या दिवसापासून तात्याबांनी त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही.

"पप्पू वाईट नव्हता तात्या," बबिता म्हणाली.

"रस्ता बघ. पप्पूची वकिली नगं करू."

"कालव्याचा पूल. अरुंद हाय. समोरून मोटारसायकल. तिला आधी जाऊ देते."

"हॉर्न का न्हाई वाजवला?"

"त्यानं बघितलंय मला. उगं कशाला ओरडायचं?"

तात्याबा मिशीत हसले. "म्होरं मेंढरं हायेत."

"दिसली. अर्धा रस्ता अडवलाय. गडी कुत्र्याला हाका मारतोय. मी हळूहळू डावीक—"

फोन.

सीटवर, मांडीजवळ. आरोहीला रात्रभर ताप होता. सासऱ्यांच्या जवळ ठेवून आली होती तिला.

मेंढरं.

फोन.

मेंढरं, आणि फोन, आणि

बबितानं खाली बघितलं. फक्त नाव वाचण्यापुरतं.

"बबे!"

तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पत्रा खडखडला. तांब्या कलंडला आणि पाणी काचेकडं उडालं. तात्याबांची घरघर एकदम थांबली. फोनही थांबला.

काचेवरून पाणी खाली ओघळत होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"काय लागलं?" तात्याबांनी विचारलं.

बबिता काचेकडंच बघत राहिली.

"मेंढरू?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

"पोरगी," ती म्हणाली. "कळपाच्या मागची. कडेवर कोकरू घेतलेली."

तात्याबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. "मी तर मेंढरंच म्हणलो."

"आमच्यात मेंढरांच्या शेवटी पोरगीच असती तात्या. नवं कोकरू चालत न्हाई, ते तिच्याकडं देतेत. ती मागं पडती." तिनं हात छातीशी घेतले. "मी असायचे. मागून गाडी आली की कोकराचे कान झाकायचे मी. आपले न्हाई. त्याचे."

देवळात शिरावं तसा तात्याबांचा चेहरा झाला होता.

फोन पुन्हा वाजला. बबितानं हात लावला नाही.

"आता उचल. गाडी उभी हाय."

"आई," आरोही म्हणाली, "ताप उतरला. आजोबा नको म्हणतेत. मी खेळायला जाऊ?"

"जा," बबिता कसंबसं म्हणाली. मग फोन सीटखाली सारला, जणू त्याला रक्त लागलं होतं.

तात्याबांनी गळ्यातला काळा दोरा काढला. चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

"मी तिला मारलं तात्या," बबिता म्हणाली. "मला कशी देता?"

"लई जण इथं बसून गेले. कुणी कुत्रं मारलं, कुणी म्हातारं. समदे हसत उतरले. आता तुला कुणी कोटी रुपये दिले तरी तू गाडीत खाली बघशील का?"

"न्हाई."

"मग उतर. बघून ये."

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"उतर, पोरी."

तिनं दार उघडलं. बॉनेट धरून, डोळे मिटून ती पुढं आली आणि जिथं ती पोरगी पडली असणार तिथं खाली बसली. चावी तळहातात रुतत होती.

मग तिनं डोळे उघडले. छबुबाईंच्या अंगणात, लिंबाखाली, जीपला जिथं चाकं असायला हवी होती तिथं चार दगड होते, आणि पुढच्या दगडाला टेकून कोंबडी तिच्या अंड्यांवर शांत बसली होती.