राणीसाहेब बाहेर आल्या

"सोमवारपर्यंत बाहेर आली तर ठीक," प्राणी-बचाव केंद्राचे साहेब म्हणाले, "नाहीतर तिला शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पाठवतो. तिथं पिंजरा रिकामा आहे. सिमेंटचा का होईना, डोक्यावर छप्पर आहे."

पिंजरा हा शब्दच आर्किटेक्ट बाईंना सोसत नसे. माणसांची घरं बांधायची सोडून त्या सुटका केलेल्या वाघ-बिबट्यांसाठी आवारं आखत बसायच्या. त्यांच्या आईचं यावर एकच म्हणणं होतं, "बरंय बाई, निदान गिऱ्हाईक खुसपटं तरी काढत नाही."

हे गिऱ्हाईक मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणत होतं. राणीसाहेब म्हणजे सर्कशीतून सोडवलेली बिबट्याची म्हातारी मादी. अख्खा जन्म एका लाकडी खोक्यात गेलेला, आणि त्या खोक्याच्याच दारात सापडून अर्धी शेपटी तुटलेली. तिच्यासाठी बाईंनी जीव ओतला होता. ऊन खायला सपाट खडक, लपायला दाट झुडपं, आडव्या फांद्यांचं जुनं झाड, पाण्याचं डबकं. भोवती उंच जाळीचं कुंपण, त्याचा वरचा भाग आतल्या बाजूला वाकवलेला. कुंपणापलीकडे लगेच टेकडी आणि जंगल.

"उडी मारून पळणार नाही ना?" साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"एकदा आत आलेलं कुणी बाहेर जाऊ शकणार नाही," बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

अडचण उलटीच निघाली. राणीसाहेब आवारात पाऊलच टाकेनात. आवाराला लागून त्यांची खोली, मधलं सरकतं दार सताड उघडं. पण स्वारी खोलीतल्या त्या जुन्या खोक्यात जी शिरून बसली, ती बसलीच. नव्या जागी बावरू नये म्हणून खोकं सोबत आणायची शक्कल बाईंचीच. ती आता त्यांच्याच अंगाशी आली होती.

"ते खोकं काढून टाका," साहेब म्हणाले.

"ती आपल्या पायांनी बाहेर येईल, त्याच दिवशी काढू," बाई हट्टाला पेटल्या. "ओढूनच बाहेर काढायची, तर मग सर्कस काय वाईट होती?"

प्राणी सांभाळणारे काका बाईंच्या बाजूचे. ते मटणाचे दोन वाटे करत. एक खोलीत, आणि दुसरा लालूच म्हणून बाहेर झाडाखाली. खोलीतला संपायचा, झाडाखालचा सकाळी तसाच पडलेला असायचा.

रविवारी सकाळी काका धापा टाकत बाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, फस्त! झाडाखालचं सगळं फस्त! आणि डबक्याच्या चिखलात पंजे उमटलेत, हे एवढाले!"

"आणि खोलीतलं?"

"तेही फस्त! बाहेरची हवा लागली ना, भूक उघडली म्हातारीची."

"तरीच रात्री टेकडीवरची माकडं ओरडत होती."

"ओरडणारच! नवी शेजारीण आली म्हटल्यावर चौकशा नकोत?"

बाईंना हसू आवरेना.

सोमवारी सगळं ऑफिस कुंपणाशी लोटलं. झाडाच्या सगळ्यात उंच फांदीवर, पानांआड तोंड लपवून ती ऐसपैस पहुडली होती. चारी पाय खाली लोंबत होते. लांबलचक शेपटी संथपणे हलत होती. बाईंचे डोळे भरून आले. मन इतकं हलकं झालं की त्यांनी शेजारी उभ्या साहेबांचाच हात दाबला.

"हरलो बुवा," साहेब म्हणाले. "काय चढलीय! ही म्हातारी म्हणे!"

"घर मनासारखं मिळालं की माणूससुद्धा तरुण होतो, साहेब."

"शहरात कळवून टाकतो, पिंजरा नको म्हणून. आणि पुढच्या सगळ्या आवारांना कुंपण अस्संच घाला."

आनंदाच्या भरात बाईंनी पदर खोचला. "चला काका, आता ते खोकं. बोलल्याप्रमाणे करायला हवं."

राणीसाहेबांनी मध्येच परत येऊ नये म्हणून काकांनी साखळी ओढून सरकतं दार खाली पाडलं. दोघं मागच्या दारानं खोलीत शिरले. बाईंनी खोक्याची एक कड धरली, काकांनी दुसरी. खोकं जागचं हलेना.

"रिकाम्या खोक्याला एवढं वजन कसलं हो?" काका कुरकुरले.

"जुनं लाकूड आहे. लावा जोर!"

दोघांनी मिळून हिसका दिला. आतून झोपमोड झाल्यासारखी एक लांबलचक जांभई ऐकू आली, आणि खोक्याच्या फटीतून अर्धी शेपटी बाहेर आली.