सातवं पान

"मावशी, सहाव्या पानानंतर एकदम आठवं!" भाची खुर्चीतून उठलीच.

मावशीने टायपिंग थांबवलं. निवृत्त झाल्यापासून ती वकील भाचीच्या ऑफिसात तिचे अर्ज टाइप करून द्यायची, आणि कॅन्सरच्या रुग्णांचे तर आधी.

टेबलावर आरोग्य खात्याची जुनी फाइल उघडी होती. तिच्यात सवलतीच्या औषधांच्या दोन याद्या होत्या. एक बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या समितीने हाताने लिहिलेली, दुसरी तिच्यावरून खात्यात टाइप झालेली. छापली गेली ती दुसरी. रुग्ण ज्या गोळीसाठी कोर्टात गेले होते, ती कॅन्सरची गोळी हस्तलिखिताच्या सातव्या पानावर होती. टाइप केलेल्या यादीत ते अख्खं पानच उतरलं नव्हतं.

"म्हणजे डॉक्टरांनी दिली होती गोळी," मावशी हळूच म्हणाली. "आणि दवाखान्यात औषधांच्या खिडकीवरचा माणूस आम्हाला सांगायचा, यादीत नाही, बाई."

तिचा नवरा चौदा वर्षांपूर्वी याच गोळीवाचून गेला. शेवटपर्यंत थट्टा करायचा, "गोळीचं जाऊ दे गं, बहुतेक मीच यादीत नाही."

"उद्या एकशे सत्तर जणांची सुनावणी आहे," भाची म्हणाली. "एवढं दाखवलं की गोळी मिळालीच समज. पण पान गाळलं कुणी? गोळी पूर्ण किमतीला विकता यावी म्हणून कंपनीने कुणाचे तरी हात ओले केले असणार."

"कुणाचे काय, राणीसाहेबांचे! खात्यात आम्ही नऊ जणी होतो टायपिंगला, त्यातलीच एक. त्याच वर्षी तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या आल्या. सारखं लक्ष घड्याळाकडे."

"आणि तुझं?"

"माझं कागदाकडे! सगळ्या नोकरीत घाई केली ती एकदाच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी तुझे काका नाटकाची तिकिटं घेऊन थेट टेबलाशी हजर. 'उरक गं, पडदा वर जाईल!' सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. मी हातातलं काम भराभर संपवलं आणि निघाले." मावशी स्वतःशीच हसली. "नाटक भिकार होतं. पण काय सुरेख संध्याकाळ होती!"

भाची अर्जाचा मजकूर सांगू लागली. "सदर पान गाळले गेल्याचे दिसते..."

"दिसते काय, मुळमुळीत! 'पैसे घेऊन हेतुपुरस्सर गाळले' असं घालते. आणि टाइप करणाऱ्या बाईवर गुन्हा दाखल करा म्हणावं."

"बावीस वर्षांनी ती बाई सापडायची कशी?"

"न सापडायला काय झालं? शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं आणि तारीख घालायचीच, असा नियम होता आमच्याकडे. चूक कुणाची ते कळायला नको?"

मावशीने आपलंच वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. भाचीने सही ठोकली, अर्ज कोर्टात ऑनलाइन दाखल केला आणि एक प्रत सरकारी वकिलालाही धाडून दिली.

"झालं. आता बघू तुझ्या राणीसाहेबांना."

शेवटच्या पानाचा कोपरा फाइलच्या नाडीखाली दडला होता. मावशीने चष्मा पुसला, नाडी सोडली आणि पान खिडकीच्या उजेडात धरलं.

कोपऱ्यात दोन अक्षरं होती, तिची स्वतःची. आणि त्यांच्याखाली तारीख होती, तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवसाची.