हाशमचा लॅपटॉप

रुकय्याचा निकाह बापाविना लागला त्या वर्षी, रमजान ईद उलटल्यावर, हाशम लॅपटॉप घेऊन सिराजुद्दीनच्या दारात उभा राहिला.

सौदीतल्या अल मलाझ वस्तीतली चार खाटांची खोली. सिराजुद्दीन आता खाटेवर बसूनच लॅपटॉप दुरुस्त करायचा. पूर्वी खाली रस्त्यावर त्याचं दुकान होतं, कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या सौदी मालकाच्या नावावर. धंदे सौदी माणसांसाठीच राखायच्या सौदीकरणाची तपासणी आली तेव्हा माणसं थेट त्याच्याच दुकानात शिरली. इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला प्लंबर. दुकान खलास. कागद अडकले आणि लेक रुकय्याच्या लग्नाला जायचं तिकीट फुकट गेलं. खबर दिली होती समोरच्या दुकानातल्या हाशमने. शेजारच्या गावचा माणूस, एका ताटात जेवलेला.

"सिराजभाई, कालच सुट्टीवरून आलो. गावी..."

"गावचं तुझ्या तोंडून नको. काम बोल."

हाशमने मान खाली घातली. "फार अडकतो. नवी एसएसडी डिस्क टाक. जुन्यातलं सगळं नव्यात उतरव. जपून कर."

"ठेव आणि चालता हो. असरच्या नमाजानंतर ये."

जपून कर, म्हणे. सिराजुद्दीनने जुनी हार्ड डिस्क बाहेर काढली, तिचं झाकण उघडलं. आतली काचेची चकती आरशासारखी लखलखीत. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि दाबलं. काच तडकली. कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीत गार वाटलं. मग त्याने झाकण लावलं आणि लॅपटॉपमध्ये कोरी एसएसडी बसवली.

असरनंतर हाशम आला. लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. आत काहीच नव्हतं.

"जुनी आधीच मेलेली होती," सिराजुद्दीन म्हणाला. "तुझं नशीब."

हाशम खाटेच्या कडेवर बसला.

"माझं काय होतं त्यात? तुझं दुकान घालवलं, ते मला झोपू देईना. म्हणून रुकय्याच्या हळदीला गेलो, कॅमेरा मागून घेऊन. तुला दाखवायला सगळं व्हिडिओत काढलं, यात भरलं, कार्ड पुसून परत दिलं. तुझी आई गात होती. गाण्यात घरच्या एकेकाचं नाव घेतात ना, तसं. तुझं नाव आलं की पुढे जाईचना. पुन्हा तिथूनच सुरू करायची."

सिराजुद्दीनने जुनी डिस्क उचलली. आत काचेचे तुकडे खुळखुळले.

त्याची आई सकिना त्याच वर्षी, निकाहानंतर, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात वारली होती.