अर्धी दाढी

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर ईसीजीचा कागद दुमडत म्हणाले. "महिनाभराच्या व्हायरल खोकल्यानं बरगड्यांचे स्नायू दुखावलेत. खोकताना छातीशी उशी धरा आणि घरी जा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहाटे छातीत कळ आली तेव्हा मीच बायकोला म्हणालो होतो, "दादाला बोलाव. शेवटचं भेटायचंय." वडिलांच्या तेराव्यापासून आमचा अबोला होता.

डॉक्टर बाहेर गेले आणि थोड्याच वेळात दारात दादा दिसला. अर्धीच दाढी केलेली, कानाशी साबणाचा फेस वाळलेला. मी झटकन चादर ओढली, डोळे मिटले आणि हलकेच कण्हलो.

तो माझा हात धरून बसला. मग मला खोकला आला, तो आवरेना. दादानं उशी उचलून माझ्या छातीशी दाबून धरली.

"डॉक्टर बाहेरच भेटले," तो म्हणाला. "उघड आता डोळे."